पाय घेण्याआधी स्पीकरचं वजन करा

वाचकाचं पत्र: गिरगावात आमची जुनी चाळ आहे. तिसरा मजला, लाकडी तुळयांवर शहाबादी फरशी. दहा बाय बाराच्या बाहेरच्या खोलीत प्लायच्या शोकेसवर दोन बुकशेल्फ स्पीकर ठेवलेत, प्रत्येकी 6 किलो 400 ग्रॅम वजनाचे. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, कधी नाट्यसंगीत. डग्गा नुसता घुमत राहतो, शोकेसची काच तडतडते आणि खालच्या काकू दोनदा वर येऊन सांगून गेल्या की त्यांच्या छतातून धडधड ऐकू येते. स्पीकरखाली लावायचे, कंपन अडवणारे नावाजलेले पाय पाहिले, तर जोडीचा खर्च दहा हजारांच्या वर जातो. माझी तयारी दोन-अडीच हजारांची. वॉशिंग मशीनखाली लावतात ते रबरी पाय चालतील का? आणि पुढेमागे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा सबवूफर घ्यायचा विचार आहे, तो या घरात जमेल का?
— एक वाचक, गिरगाव

नमस्कार,

वॉशिंग मशीनचे पाय घेऊ नका. दीडशे-दोनशे रुपयांत मिळतात म्हणून घेऊन तर बघू, असंही करू नका. तुमच्या स्पीकरखाली ते बसवले तर काही फरक पडणार नाही, किंवा एखाद्या सुरावर घुमणं आणखी वाढेल. तुम्ही स्पीकरचं वजन ग्रॅमपर्यंत लिहून पाठवलंत, ते फार बरं केलंत, कारण सगळा हिशोब त्या वजनावरच उभा आहे.

रबर असो, फोम असो की स्प्रिंग, वरच्या वजनाखाली ते किती दबतं यावर ते किती कंपन अडवणार हे ठरतं. स्पीकर ठेवल्यावर पाय 1 मिलीमीटर दबला, तर स्पीकर आणि पाय या जोडीची स्वतःची डोलण्याची गती सेकंदाला साधारण 16 वेळा, म्हणजे 16 हर्ट्झ. 2 मिलीमीटर दबला तर 11 हर्ट्झ, 4 मिलीमीटर दबला तर 8. या आकड्याच्या साधारण 1.4 पट वर गेलं की पाय कंपन अडवायला लागतो आणि जितकं वर जाल तितकं जास्त अडवतो. त्या आकड्याच्या खाली तो काहीच अडवत नाही. नेमका त्या आकड्यावर मात्र तो कंपन वाढवतो.

आता वॉशिंग मशीनचा पाय बघा. साठ-सत्तर किलोचं मशीन आणि भिजलेले कपडे पेलायला तो केलेला असतो. तुमच्या स्पीकरचं वजन चार पायांवर वाटलं तर एका पायावर येतात 1600 ग्रॅम. एवढ्याशा भाराला तो टणक रबर एक दशांश मिलीमीटरही दबला तर नशीब. एक दशांश मिलीमीटर म्हणजे 50 हर्ट्झ, आणि 50 हर्ट्झच्या आसपासच तुमचे स्पीकर सगळ्यात जोरात थरथरत असणार. दिसायला तो पाय मऊ आहे, बोटाने दाबला तर दबतोसुद्धा. पण बोटाचा जोर 1600 ग्रॅमपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून दुकानात उभं राहून अंगठ्याने दाबून बघणं फसवं आहे.

महागड्या पायांतही हाच न्याय लागतो. आयसोअकूस्टिक्स कंपनीच्या गाया मालिकेत तीन मापं आहेत ती याचसाठी: एक 32 किलोपर्यंतच्या स्पीकरला, दुसरं 54 किलोपर्यंत, तिसरं 100 किलोपर्यंत. सॉर्बोथेन या कंपन शोषणाऱ्या मऊ पदार्थाच्या अर्धगोल गोळ्याही वेगवेगळ्या कडकपणाच्या मिळतात आणि प्रत्येकीवर किती भार चालेल हे चांगला विक्रेता सांगतो. जो विक्रेता स्पीकरचं वजन न विचारता पाय विकतो, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

पण पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ द्या, कारण तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच असेल असं मला वाटत नाही.

घरातली जाड गोधडी घ्या, चार-सहा घड्या घाला, आणि दोन्ही स्पीकर तिच्यावर ठेवून तोच तबला त्याच आवाजात पुन्हा लावा. व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा शोकेसच्या बाजूच्या फळीवर चार बोटं टेकवून ठेवा. सनमायका लावलेली पातळ फळी असेल तर बोटांना झिणझिण्या स्पष्ट कळतात. गोधडीवर ठेवल्यावर झिणझिण्या विरल्या आणि डग्गा मोकळा वाटला, तर तुम्हाला पाय हवेत आणि त्यांचा उपयोग होणार. काहीच बदललं नाही, तर पायांवर एक रुपयाही खर्च करू नका.

काच तडतडत राहिली तर पुढची पायरी. स्पीकर शोकेसवरून उचलून शेजारी स्टुलावर ठेवा आणि पुन्हा लावा. तरीही काच वाजत असेल, तर स्पीकरचं कंपन फळीतून काचेत जात नाही, आवाजाच्या लाटा थेट हवेतून येऊन काच हलवताहेत. चाळीच्या खोल्यांत आतल्या मांडणीवरची स्टीलची भांडी गाण्याबरोबर वाजतात ती अशीच. त्यावर पायांचा इलाज नाही. काचेच्या खाचेत रबरी बीडिंग भरा, सरकत्या काचा जिथे एकमेकींना लागतात तिथे फेल्टची टिकली चिकटवा. वीस-तीस रुपयांचं काम आहे.

हातात स्मार्टफोन असेल तर फायफॉक्स नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं. फोन शोकेसवर स्पीकरच्या शेजारी आडवा ठेवा, त्यात गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या फोनवरून स्पीकरला 60 हर्ट्झचा सूर द्या. आलेख किती उंच उसळतो ते बघा, मग गोधडी घालून पुन्हा बघा. बोटांनी जे जाणवलं ते डोळ्यांना दिसतं, आणि घरच्यांना पटवायलाही उपयोगी पडतं.

डग्गा घुमण्याबद्दल मला पायांपेक्षा खोलीचाच संशय जास्त आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून राहतो, बारा फुटांच्या भिंतींमध्ये 47च्या आसपासचा. तुमच्या खोलीची मापंच तशी आहेत, त्याला कोणी काही करू शकत नाही. स्पीकर भिंतीला चिकटून असेल तर खालचे सूर फुगतात, कोपऱ्यात असेल तर आणखी फुगतात. शोकेस बहुतेक भिंतीला लागून आणि एक स्पीकर कोपऱ्यात, अशी मांडणी असेल ना? कोपऱ्यातला स्पीकर एक-दीड फूट तरी आत घ्या. दोन्ही स्पीकर शोकेसच्या पुढच्या कडेशी आणा, म्हणजे समोरच्या फळीवरून आवाज परतणं कमी होईल. स्पीकरच्या मागे गोल भोक असेल तर त्यात स्वच्छ फोमचा बोळा किंवा गुंडाळलेला पायमोजा सैलसर खोचून बघा, बेस थोडा आवरतो. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते जागा बदलून जो फरक पडतो तो सगळ्यात महागड्या पायांनीही पडत नाही.

तुमच्या ऐकण्याच्या बाबतीत एक दिलासा आहे. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झला वाजतो. डग्ग्याचा जो भाग आपण कान देऊन ऐकतो, तोही बहुतेक त्याच परिसरात आणि त्याच्या वर असतो. सिनेमातल्या स्फोटांसारखं 25-30 हर्ट्झला काही अडवायचं नाहीये. त्यामुळे तुमचे पाय 2 ते 3 मिलीमीटर दबले तरी पुरे. रबर हलत्या भाराला ठेवलेल्या भारापेक्षा थोडा कडक वागतो, म्हणून 1 मिलीमीटरवर समाधान मानू नका. उलट पाय त्याच्या उंचीच्या पाव हिश्श्याहून जास्त दबला, तर तो बसून जातो आणि पुन्हा टणक होतो. स्वस्त फोमचं हेच होतं. पहिल्या महिन्यात छान, मग चपटा. मुंबईच्या दमट हवेत साधा पॉलियुरेथेन फोम काही वर्षांत चुरायलाही लागतो. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड हाताला भुग्यासारखी लागते, ती याचमुळे.

गोधडीने फरक पडला असं गृहीत धरून आता खरेदीकडे वळू.

तुमच्या स्पीकरच्या वजनाला आणि तुमच्या खिशाला मला सगळ्यात योग्य वाटतो तो स्क्वॉशचा चेंडू. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, गिरगावातून तुम्ही चालत जाल. चार चेंडू घ्या, एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे. ठिपका कोणत्या रंगाचा याला आपल्या कामात महत्त्व नाही, चारही सारखे असण्याला आहे. चेंडू 40 मिलीमीटर व्यासाचा, आत पोकळ. धारदार कटरने शिवणीवरून बरोबर मधोमध कापा. कापताना चेंडू हातात न धरता लाकडी पट्टीच्या भोकात किंवा शिकंजात घट्ट बसवा, रबरावरून पातं सटकतं. एका चेंडूचे दोन पाय, म्हणजे चार चेंडूंत दोन्ही स्पीकरचे आठ पाय झाले. कापलेली सपाट बाजू खाली, घुमट वर. अख्खा चेंडू अधिक दबतो आणि कागदावर अधिक चांगला ठरतो, पण तो गडगडतो, त्याला खाली कडी लागते आणि वरचा स्पीकर डुलतो. शोकेसवर, माणसांची ये-जा असलेल्या खोलीत, मला तो धोका नको वाटतो.

बसवल्यावर स्टीलची पट्टी उभी धरा. रिकाम्या अर्ध्या चेंडूची उंची आधी मोजून ठेवा, मग स्पीकर ठेवून त्याचा तळ शोकेसपासून किती वर आहे ते मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा पाय दबला किती. 2 ते 4 मिलीमीटरच्या दरम्यान आला तर काम झालं. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त दबलेली दिसेल, कारण वूफरचं, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनाचं, लोहचुंबक पुढच्या फळीमागेच असतं आणि स्पीकरचं वजन पुढे झुकतं. मागचे दोन पाय थोडे थोडे पुढे सरकवत जा, वर पाणसळ ठेवून स्पीकर सरळ झाला की थांबा. चारही पाय सारखे दबले तरच चारही सारखं काम करतात. बहुतेक लोक पाय चार कोपऱ्यांत ठेवून मोकळे होतात आणि इथेच अर्धा फायदा गमावतात.

रबर थेट पॉलिशवर ठेवू नका. स्क्वॉशचा चेंडू असो की सॉर्बोथेन, काही महिन्यांत त्यातला तेलकट अंश लाकडावर उतरतो आणि तो डाग निघत नाही. वर आणि खाली सनमायकाचा रुपयाएवढा तुकडा घाला. सुताराकडे कतरण फुकट मिळते.

सॉर्बोथेनच घ्यायचं असेल तर एका पायावर 1600 ग्रॅम हा आकडा सांगून त्या भाराच्या अर्धगोल गोळ्या मागा. बजेटच्या कडेला जाईल, पण काम स्वच्छ होतं आणि कापाकापी नाही. नागदेवी स्ट्रीटला रबराच्या शीट आणि मशीनखालचे माउंट मिळतात, तिथे जाण्याचा मोह होईल. तिथला माल उत्तम असतो, पण तो कारखान्यातल्या पंपांसाठी आणि मोटारींसाठी असतो. दीड किलोला दबेल असं काही तिथे मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. टोकदार स्पाइक तुमच्या कामाचे नाहीत. ते कंपन अडवत नाहीत, उलट स्पीकरला खालच्या पृष्ठभागाशी पक्कं जोडतात, आणि प्लायला भोकं पाडतात ते वेगळंच. टेबलावर ठेवायचे तिरके फोमचे पॅड येतात, ते स्पीकर कानाच्या दिशेने वळवायला चांगले आहेत, कंपनासाठी मध्यम.

तुमच्यासारखीच अडचण असलेल्या, पण अडीच-तीन किलोचे छोटे स्पीकर वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: तेवढ्या वजनाला अर्धा चेंडूही कडक पडतो. पायांवर आधी कडाप्पाचा तुकडा ठेवा, मग त्यावर स्पीकर. एक फूट बाय नऊ इंच, 20 मिलीमीटर जाडीचा कडाप्पा साधारण साडेतीन किलो भरतो. ओट्याचं काम करणाऱ्याकडे असे उरलेले तुकडे पडून असतात. कडा मात्र घासून घ्या. तुमच्या 6 किलो 400 ग्रॅमला त्याची गरज नाही आणि तुमच्या शोकेसवर तेवढं जादा वजन मी चढवणार नाही.

शोकेसचंही बघा. वरची फळी मधोमध ठोकली तर ढोलकीसारखी वाजते का? वाजत असेल तर खालच्या कप्प्यात पुस्तकं, जुने अंक, जे जड असेल ते भरून टाका. रिकामं प्लायचं खोकं स्वतःच तिसरा स्पीकर होऊन बसतं.

आता काकूंचं. लाकडी तुळयांचा मजला काँक्रीटच्या स्लॅबसारखा जड नसतो, तो हलतो. वर मूल धावलं की खाली दिवा थरथरतो, हे चाळीत राहणाऱ्याला सांगायला नको. स्पीकरचं कंपन शोकेसच्या पायांतून फरशीत, फरशीतून तुळयांत आणि तुळयांतून त्यांच्या छतात जातं. ही वाट तुमचे नवे पाय बरीचशी बंद करतील. पण दुसरी वाट उरते. तुमच्या खोलीतली हवाच खालच्या सुरांनी मजला हलवते, आणि त्यावर जगातले कोणतेही पाय चालत नाहीत. तिथे आवाज आणि बेस कमी करणं एवढंच आहे. अ‍ॅम्प्लिफायरवर बेसचं बटण असेल तर 3 डेसिबलने खाली आणा. रात्री कमी आवाजात ऐकताना बेस वाढवायचा मोह होतो, तो टाळा. कायद्याने रात्र 10 वाजता सुरू होते आणि सकाळी 6 ला संपते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजाऱ्यांशी नियमांच्या भाषेत बोलायची वेळ येऊ देऊ नका. पाय बसवायच्या दिवशी काकूंना आधी सांगा, आणि घरातल्या कोणाला तरी त्यांच्याकडे पाठवा. आधी जुन्या मांडणीवर, मग नव्या पायांवर तोच तबला वाजवा आणि खाली किती फरक पडला ते त्यांच्याच तोंडून ऐका. तुमच्या घरात बसून हे कळणार नाही. त्यांना कुठल्या वेळी त्रास होतो तेही विचारून घ्या. दुपारी झोपायची वेळ असेल तर तेवढा तास टाळणं अवघड नाही.

सबवूफरबद्दल माझं स्पष्ट मत: या घरात घेऊ नका. तो फरशीवर बसतो, 30-40 हर्ट्झला सगळा जोर लावतो आणि त्याच्या जरा वरचे सूर तुमची खोली आधीच फुगवते. चांगले पाय लावले तरी हवेतून मजला हलणारच. शास्त्रीय आणि नाट्यसंगीतासाठी तुमचे आत्ताचे स्पीकर पुरेसे खाली जातात. ते पैसे साठवून कधीतरी दोन जड, स्वतंत्र स्पीकर स्टँड घ्या आणि शोकेस या भानगडीतून मोकळी करा. बसल्यावर ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला येईल असे स्टँड हवेत, पोकळ नळी असेल तर त्यात कोरडी वाळू भरता येते, आणि स्टँडच्या वर हेच अर्धे चेंडू वापरता येतात.

क्रम असा ठेवा: आधी जागा बदला, मग गोधडी, मग गरज पटली तर चेंडू. बसवून झाल्यावर पायांची दबलेली उंची पुढे किती आणि मागे किती, आणि घुमणं राहिलं असेल तर कोणत्या सुरावर, एवढं लिहून कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.